सुलभाताईंना बेसमेंट मिळालं!

मंडळी, आज ऑफिसला दांडी मारून सुलभाताईंबरोबर व्हँकुव्हरजवळ बर्नाबीत एका बंगल्याच्या तळघरातलं भाड्याचं घर बघायला गेले होते. सत्तरीच्या ताई एकट्याच राहतात आणि त्यांची बिल्डिंग आता पाडणार आहेत. भाड्याला सरकारी मदत मिळते असं कळलं, की घरमालक "कॉल करतो" म्हणतात आणि करतच नाहीत. चारदा असं झालं.

म्हणून गाडीतच मी बजावलं, "ताई, मदतीचं आधी बोलू नका हं."

त्यांनी मान डोलावली. घरमालकीण पंजाबी आजी. त्यांनी दार उघडताच ताई म्हणाल्या, "बहनजी, भाडे के लिए मुझे सरकार मदद करती है. चलेगा ना?"

मी कपाळावर हात मारला.

आजी हसल्या. "इनका काम छूटा था, तब हमें भी मिली थी. शरम कैसी? अंदर आओ, चाय पियो."

चहा संपेपर्यंत घर पक्कं! मागच्या अंगणात मेथी लावायची परवानगीसुद्धा ताईंनी मिळवली.

परतताना मी म्हटलं, "ताई, माझं चुकलंच."

"अगं, रोज त्यांच्याच घरात राहायचं. मग पहिल्याच दिवशी लपवाछपवी कशाला?"

शनिवारी सामान हलवायचंय. कुणाची व्हॅन मिळेल का?