रेश्मानं मागितलेली सही

रेश्मा गेल्याचं मला आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी लिहिलं होतं, 'आपल्या विभागाची गुणी विद्यार्थिनी रेश्मा हिचे काविळीने दुःखद निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी खारबावला घरी होते, उद्याच्या तासाची टिपणं काढत होते. 'गुणी विद्यार्थिनी' वाचलं आणि अंगाची आग झाली. याच माणसानं... पण आधी रेश्माबद्दल सांगायला हवं.

भिवंडीत एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. समाजशास्त्राचे तास सकाळी सातला सुरू व्हायचे. ती टेमघरहून रिक्षानं यायची, चेहरा घासून धुतलेला, पण कानामागे चमकीचा एखादा कण राहिलेला असायचाच. पहिला तास संपला की वाचनालयात टेबलावर डोकं टेकून वीस मिनिटं झोपायची आणि गजर न लावता बरोबर उठायची. 'ड्युटी असते माझी,' एवढंच सांगायची. मला वाटायचं, कुठल्या तरी गोदामात रात्रपाळी असेल. मग एकदा सर समाजाच्या चाकोरीबाहेर वागणाऱ्या माणसांबद्दल शिकवत होते. उदाहरण म्हणून त्यांनी बारमध्ये नाचणाऱ्या बायका सांगितल्या. रेश्मा उभी राहिली. म्हणाली, 'सर, नाचणारी चाकोरीबाहेर गेली, मग समोर बसून बघणारा कुठं असतो? तो तर सकाळी पोरांना शाळेत सोडायला जातो.' वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिनं मला सगळं सांगितलं. हायवेवरच्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये ती कामाला होती. कागदावर गायिका, प्रत्यक्षात नाच. लूमवर काम करणारे वडील वारले तेव्हा घर तिच्यावर आलं, धाकटी कल्पना शाळेत होती. 'बी.ए. मी तिथं राहूनच केलं,' ती म्हणाली. 'मेकअपच्या खोलीत वाचायचे. पोरी म्हणायच्या, पढ के क्या कलेक्टर बनेगी? मी म्हणायचे, न्हाय, मास्तरीण.' तिला खरंच कॉलेजात शिकवायचं होतं. परीक्षेच्या आधी ती मला रिकाम्या वर्गात बसवून फळ्यासमोर उभी राहायची आणि पूर्ण धडा समजावून सांगायची. माझे निम्मे पेपर मी तिच्या त्या शिकवण्यावर लिहिले.

सरांचं संशोधन याच विषयावर चालू होतं, बारमध्ये काम करून शिकणाऱ्या मुली. त्यांना मोकळेपणी बोलणारं कुणी मिळत नव्हतं. मी रेश्माला त्यांच्याकडे नेलं. ती तयार नव्हती, मीच तिच्या मागे लागले. तिची एकच अट होती. सर माझ्यासमोर म्हणाले, 'नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही येणार नाही. शब्द देतो.' तीन शनिवार ती विभागाच्या खोलीत बोलली. दुसऱ्या शनिवारी वडिलांबद्दल सांगताना तिला रडू कोसळलं. सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

पुढं कॉलेजात परिसंवाद झाला. बाहेरचे पाहुणे आले होते. रेश्मा नवी सुती साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती, आपलं बोलणं शास्त्रात कसं मांडतात ते ऐकायला. सर वाचू लागले. 'टेमघरच्या चाळीत राहणारी, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण असलेली, आमच्याच विभागात शिकणारी ही तरुणी...' माना वळायला लागल्या. ती हलली नाही. चहाच्या वेळी वर्गातल्या एकानं मोबाइलवर गाणं लावलं आणि तिच्याकडे बघून बोटं वाजवली. ती चहा पूर्ण पिऊन गेली. आठवड्यानं तिला ऑफिसात बोलावून सांगितलं, 'वातावरणाचा प्रश्न आहे, तुम्ही परीक्षेपुरत्या या.'

तिनं अर्ज लिहिला. संशोधनाचं पुस्तक छापण्याआधी त्यातून माझी मुलाखत काढून टाका, एवढीच मागणी. सर म्हणाले, असा कुठलाही शब्द मी दिला नव्हता. मग साक्षीदार हवा झाला. साक्षीदार एकच होती... मी.

ती खारबावला आमच्या घरी पहिल्यांदाच आली. आईनं तिला भाकरी वाढली. जेवण झाल्यावर आम्ही अंगणात आलो आणि तिनं साक्षीदाराच्या सहीसाठी अर्जाचा कागद पुढं केला. मी म्हटलं, 'सरांनी मला तासिका तत्त्वावर घ्यायचं कबूल केलंय गं. एवढं वर्ष जाऊ दे, मग बघू.' तिनं कागदाची घडी घातली. आवाज चढवला नाही. म्हणाली, 'बारमधलं गिऱ्हाईक खोटं बोलणार, हे धरूनच आम्ही त्याच्याशी बोलतो. तुमच्यात आल्यावर न्हाय धरलं मी तसं.' मी स्टेशनपर्यंत सोडायला निघाले, तिनं हातानंच नको म्हटलं.

पुस्तक छापलं गेलं. प्रस्तावनेत माझे आभार आहेत. मला तास मिळाले, आजही त्याच विभागात शिकवते. रेश्मा पहिल्या वर्गात पास झाली आणि बारमध्येच राहिली. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षेचा अभ्यास करते आहे, असं कुणाकडून तरी कळलं होतं. मी फोन केला नाही. सरांनी फसवलं असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले आणि त्या वाक्यात स्वतःचं नाव कधी घातलं नाही.

ती गेल्यावर महिन्याभरानं मी टेमघरला गेले. कल्पनानं दार उघडलं. खोलीत एका भिंतीला लोखंडी रॅक, त्यावर जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातलेली पुस्तकं. ती म्हणाली, 'कॉलेजातून तुम्ही एकट्याच आलात. ताई सांगायची, खारबावची मैत्रीण आहे माझी, तिच्याच नोट्सवर पास झाले.' नोट्स तर रेश्माच्याच असायच्या... कल्पनानं पुस्तकं काढून माझ्या मांडीवर ठेवली. 'तुम्ही शिकवता, तुम्हीच न्या.'

तेव्हा मी सांगितलं. अर्ज, अंगण, सही, सगळं. खालच्या कारखान्यातले लूम खडखडत होते, म्हणून मला एक वाक्य दोनदा बोलावं लागलं. 'मी सही केली नाही.' कल्पनानं एकेक पुस्तक माझ्या मांडीवरून उचलून रॅकवर जागच्या जागी लावलं.

'राहू द्या इथंच,' ती म्हणाली. 'मी वाचीन.'