मावशीची वाजणारी चप्पल
दवाखान्यात मावशीनं मला तिची चप्पल घरी न्यायला सांगितली. "हितं माणसं निजल्यात, आणि ही लई वाजतीया," म्हणाली. मी ती पिशवीत घालून आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवायला म्हणून घरी आली आणि तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला... दीड महिना झाला आता.

सुमनमावशी आईची थोरली बहीण. आमच्याकडंच राहायची, ब्लाउज शिवायची. बायकांच्या चपलेत कुणी मुद्दाम आवाज घालत नाही, पण ही कारागिराकडून हट्टानं घालून घ्यायची. पेठेतून कर्रकर्र करत यायची, ती दिसायच्या आधीच आम्ही चहा ठेवायचो. आईला त्याची लाज वाटायची.

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी टीव्हीवर एक ऐतिहासिक मालिका लागायची. त्यात गढीत कोंडलेली एक राणी होती. एका भागात तिच्या दालनातला दिवा विझला, राघूच्या पिंजऱ्याचं दार उघडं दिसलं आणि शेवटी नदीच्या घाटावर नुसते तिचे पैंजण. राणीनं जीव दिला असं समजून मी हमसून हमसून रडले. मावशी मात्र हूक लावता लावता हसली.

"जीव द्यायला निघालेली बाई पैंजण कशाला काढंल? वाजू नयेत म्हणून काढल्यात. पळाली ती."

आई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, दूध उतू गेलं.

खरं काय ते मावशीनं माझं लग्न ठरल्यावर सांगितलं. तिचं सासर कुरुंदवाडचं. नवरा मारायचा. एका पहाटे घाटाच्या पायरीवर पैंजण काढून ठेवून ती अनवाणी निघाली. सगळ्यांना वाटलं, नदीत गेली. आई दोन दिवस त्या घाटावर बसून होती. तिसऱ्या दिवशी कोल्हापुरातून निरोप आला, जिवंत आहे. पहिल्या कमाईतून मावशीनं वाजणारी चप्पल घेतली. "आता वाजू दे की," म्हणायची.

राणी मेली की सुटली, हे मालिकेत पुढं कुणी सांगितलंच नाही. मी मावशीचं खरं मानते.

गेलेल्या माणसाची चप्पल घरात ठेवू नये, असं बायका म्हणाल्या. आईनं कुणाचं ऐकलं नाही. चप्पल दाराशीच आहे, आई तिला तेल लावते. माझा कान अजून रस्त्याकडं असतो. परवा तेल लावताना आईनं विचारलं, ही घरी कशी आली? मी मावशीचे शब्द सांगितले. आईचा हात थांबला...

"दोन्ही खेपंला मला न सांगता गेली बघ," ती म्हणाली.