चष्मेवाल्याचा गेमिंगचा अभ्यास

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तुम्ही नुसती वाकडी दांडी सरळ करून घ्यायला गेलात, तरी लवकर सुटका नसायची. चष्मेवाला दांडी गरम करता करता सहज विचारल्यासारखं विचारायचा, "घरी मुलं गेम खेळतात? कशावर?"

उत्तर काहीही द्या, ते चूकच. टीव्हीला जोडायचा कन्सोल म्हणालात तर तो हळहळायचा, "म्हणजे कंपनी वाढेल तेवढंच ताटात." कॉम्प्युटर म्हणालात तर लगेच, "ग्राफिक्स कार्ड कोणतं?" ते माहीत नसलं की असा बघायचा, जणू तुम्ही पोटच्या पोराचं नाव विसरलात. दरमहा वर्गणी भरून गेम मिळतात ती सेवा घेतलीय म्हणालात, तर तो सुस्काराच टाकायचा. "भाड्याचं घर आहे ते. मालकाच्या मनात आलं की तुमचं सामान रस्त्यावर." मग पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे साठ फ्रेम बऱ्या की एकशेवीस, यावर प्रवचन सुरू. एकदा एक आजी घाबरून म्हणाल्या, "अहो, मला एकच फ्रेम पुरे. तीही साधी दाखवा."

लोक त्याला गेमगुरू म्हणायचे. त्यात टिंगल किती आणि आदर किती हे त्याने कधी तपासलं नाही. सगळा आदरच धरून चालायचा.

घरात त्याने आधी कन्सोल आणला. थोड्याच दिवसांत त्यात खोट काढली आणि तो मेहुण्याच्या गळ्यात मारला. मेहुणा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, आणि घरी आल्यावर कन्सोलचं बटण दाबून मनसोक्त फुटबॉल खेळायचं. "यात अभ्यास कसला आलाय, भाऊजी?" तो विचारायचा. भाऊजींना हे वाक्य फार लागायचं.

मग कॉम्प्युटर आला. आला म्हणजे एकेक भाग जोडत तयार झाला. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे आणि पंख्यांची घरघर. चष्मेवाला तो सुरू करायचा, आतलं तापमान बघायचा, खूश व्हायचा आणि बंद करायचा. त्याची बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नमुने घ्यायची. ती म्हणायची, "माझ्याकडे तापाने फणफणलेली माणसं येतात, पण त्यांचाही ताप कुणी इतक्यांदा बघत नाही."

शेवटी वर्गणीही सुरू झाली. आता शेकडो गेम. तो यादी वरून खाली बघायचा, खालून वर बघायचा, एखादा डाऊनलोडला लावायचा आणि तो उतरेपर्यंत जेवायची वेळ व्हायची. त्याला प्रत्यक्ष खेळताना मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. विचारलं तर, "हल्ली वेळ कुठे मिळतो?"

अशात सासरे राहायला आले. उभी हयात त्यांनी बस चालवली होती. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, नीट चालता येईपर्यंत लेकीकडे मुक्काम. पाय स्टुलावर ठेवून खिडकीतून रहदारी बघायची आणि प्रत्येक गाडीवाल्याचा उद्धार करायचा, एवढाच उद्योग. त्यालाही कंटाळून एक दिवस त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमच्या त्या दिव्यांच्या पेटीत गाडी चालवता येते का हो?"

चष्मेवाल्याला आनंदाचं भरतं आलं. एवढ्या वर्षांत आपण होऊन विचारणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्याने खुर्ची ओढली आणि मुळापासून सुरुवात केली. कन्सोल स्वस्त, पण त्याचे गेम महाग. कॉम्प्युटर महाग, पण गेम स्वस्त. वर्गणीत सगळंच स्वस्त, पण... सासरे दोन संध्याकाळी शांतपणे ऐकत राहिले. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "ते सगळं खरं. गाडी कधी सुटणार?"

मग वर्गणीतला एक ट्रकचा गेम सुरू झाला. त्यात एक खटारा ट्रक मिळायचा, घाटातून माल पोचवायचा, कमाईतून नवे ट्रक घ्यायचे आणि हळूहळू स्वतःची कंपनी उभी करायची. सासऱ्यांचा कायापालट झाला. सकाळचा चहा झाला की ते ड्यूटीवर. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबायचे. पडद्यावरच्या ड्रायव्हरांना खऱ्या शिव्या द्यायचे. लेक दटावायची, "बाबा, खिडकी उघडी आहे!"

एकदा चष्मेवाला वाकून म्हणाला, "बाबा, थोडं अडखळतंय. ड्रायव्हर जुना झालाय, बदलावा लागेल."

सासऱ्यांनी ट्रक बाजूला घेतला. "माझ्या तोंडावर सांगताय?"

तो ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम, हे पटवायला बराच वेळ गेला. तरी दिवसभर ते घुश्शातच होते.

बघता बघता त्यांच्याकडे ट्रकांचा ताफा झाला. एका ट्रकला त्यांनी गेलेल्या बायकोचं नाव दिलं आणि तो ट्रक ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. आणि मग एका सकाळी चहा संपवून बसले, तर पडद्यावर एकच ओळ: हा गेम आता या सेवेत उपलब्ध नाही.

"जावईबापू, माझ्या गाड्या कुठे गेल्या?"

चष्मेवाल्याने घसा खाकरला. "त्यांचा आपापसातला करार संपला, बाबा. वर्गणीतला गेम आपला नसतो. ते ठेवतील तोवर खेळायचा."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, म्हणजे... असतंच तसं."

"दोन दिवस माझं डोकं खाल्लंत, त्यात एवढंच सांगायचं राहिलं?"

रस्त्यावरच्या माणसाला बोलावून सांगायची गोष्ट त्याने घरातल्या माणसाला सांगितली नव्हती. तो दुकान उघडायला लवकर निघून गेला.

मेहुण्याला हे कळल्यावर तो रविवारी कन्सोल काखोटीला मारून आला. त्याच्याकडे हाच गेम होता. पण कन्सोल म्हणाला, आधी अपडेट. ते उतरेपर्यंत जेवणं झाली, वामकुक्षी झाली, दुपारचा चहाही झाला. मग सुरू झाला, तर टीव्ही लांब आणि पाट्यांची अक्षरं मुंगीएवढी. सासऱ्यांनी एक ट्रक दरीत घातला आणि कंट्रोलर लेकाच्या हातात दिला.

चष्मेवाल्याने मग इरेला पेटून गेम कॉम्प्युटरवर विकतच घेतला. कायमचा, स्वतःचा. पण जुना ताफा त्यात येईना. वर्गणीतला हिशेब वेगळा, विकतचा वेगळा. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तोच खटारा.

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "या वयात पुन्हा उमेदवारी? नको मला."

बायको नवऱ्याकडे वळली. "मग तुम्ही खेळा ना. ताफा होईपर्यंत खेळून द्या त्यांना."

"मी?"

"गुरू तुम्हीच ना?" मेहुणा म्हणाला. "तुमच्या डाव्या हातचा मळ, भाऊजी."

चष्मेवाला म्हणाला खुर्ची बरोबर नाही. बायकोने उशी दिली. तो म्हणाला उजेड येतोय. मेहुण्याने पडदा ओढला. तो म्हणाला आज दुकानात फार दगदग झाली. रविवार होता. शेवटी तो बसला. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणाला त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या वळणाला चेहरा दुधीच्या सालीसारखा झाला आणि ट्रक तसाच सोडून तो मोरीकडे धावला.

"पोट बिघडलंय," तो आतून ओरडला.

बायकोने लॅबमध्ये सुई बघून कोसळणारी भलीभली माणसं सावरली होती. तिने त्याला पाणी दिलं, मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं आणि विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

त्याने पाणी संपवलं. मग म्हणाला, "कन्सोल आणला त्या दिवसापासून."

पहिल्याच गेममध्ये त्याला भोवळ आली होती. त्याला वाटलं, दोष कन्सोलचा. फ्रेम कमी पडतायत. म्हणून कॉम्प्युटर जोडला. फ्रेम दुप्पट झाल्या, भोवळ तेवढीच. मग वाटलं, गेमच वाईट निवडतोय. म्हणून वर्गणी घेतली, की शेकड्यात एखादा तरी मानवेल. एकही मानवला नाही.

"एखाद्या मशीनवर मला नीट खेळता येईल असं वाटायचं," तो म्हणाला. "तेच शोधत होतो."

बायकोला वाईट वाटलं. वाईट वाटता वाटता तिला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. मेहुणा तर जमिनीवरच बसला. सासरे मात्र हसले नाहीत. "माझ्या बसमध्ये पहिल्या सीटवरची माणसं उलट्या करायची," ते गंभीरपणे म्हणाले. "लांब क्षितिजाकडे बघायचं, बोटांकडे नाही. या, बसा परत." जावई आज्ञाधारकपणे बसला, क्षितिजाकडे बघितलं, आणि सासऱ्यांच्या चपलेवर ओकला.

त्या चपला धुऊन वाळेपर्यंत सासऱ्यांनी स्वतःच खटारा चालवायला घेतला. "तुमच्यापेक्षा मीच बरा," एवढंच म्हणाले. गुडघा बरा होईस्तोवर त्यांचा निम्मा ताफा परत उभा राहिला. घरी जाताना दिव्यांची पेटी त्यांच्याबरोबर गेली. चष्मेवाल्यानेच ती खोक्यात भरली आणि टॅक्सीत ठेवताना तिचा ताप एकदा हात लावून बघितला. लेकीने बापाला नमस्कार केला, आणि टॅक्सी वळल्यावर नवऱ्याला म्हणाली, "खोली किती मोठी आहे हो आपली!"

मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवड्यात बातमी चौकभर झाली. लोक दुकानात यायचे आणि "पिशवी देऊ का?" म्हणून डोळे मिचकावायचे. चष्मेवाला काही दिवस नुसते नंबर तपासत राहिला. गेमचा ग काढला नाही.

मग एके दिवशी एक बाई आल्या. त्यांना बातमी ठाऊक नव्हती. भाच्याला काय घेऊन द्यावं, कन्सोल की कॉम्प्युटर, असं त्यांनी आपणहून विचारलं. चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली. कन्सोलपासून सुरुवात केली, वर्गणीपर्यंत आला, तिघांचीही सालं काढली. बाई प्रभावित झाल्या. "तुम्ही बरेच खेळत असाल?"

"छे," चष्मेवाला ताठ बसत म्हणाला. "मी अजिबात खेळत नाही. खेळणाऱ्यांचं मत एकांगी होतं."

बाईंना ते पटलं.