कोणी हात लावला नाही

“इंजिनिअर मागून येतायत का?” दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं.

“नाही, पुढूनच आल्यात,” मी म्हणाले आणि बॅग आत नेऊन ठेवली.

मला याचं काही वाटत नसे. नव्वदच्या दशकात पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाई येते, आणि ती मोपेडवर येते, आणि तिचं नाव रुखसाना तांबोळी असतं, हे सगळं एकदम पचायला लोकांना थोडा वेळ लागायचा. तेवढ्यात मी सॉकेट शोधून घ्यायची.

घर कर्वेनगरमधलं, दुसऱ्या मजल्यावरचं. दार उघडलं त्या मेधाताई नेने. बाहेरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, असलं मराठी टायपिंगचं काम त्या घरबसल्या करत. त्याला डीटीपी म्हणतात. खोलीतल्या एकुलत्या बऱ्या खुर्चीत धोतर नेसलेले एक गृहस्थ बसले होते, मांडीवर मिटलेली छत्री. बाहेर लख्ख ऊन होतं.

“हे दामले सर,” मेधाताई म्हणाल्या. “संपादक आहेत. यांचा दिवाळी अंक माझ्या मशीनमध्ये आहे.”

“आहे का होता, ते या बाई सांगतील,” दामले म्हणाले.

अडचण अशी होती. अंकाची सगळी पानं लावून तयार होती. संध्याकाळपर्यंत ती प्रेसमध्ये पोचवायची होती. दिवाळीच्या तोंडावर प्रेस कोणासाठी थांबत नाही. आजची पाळी चुकली की मशीनवर दुसऱ्याचा अंक चढणार, आणि दामल्यांचा अंक भाऊबिजेनंतर निघणार. दिवाळीनंतरचा दिवाळी अंक म्हणजे लग्न लागल्यावर वाटलेली पत्रिका. दामले अंक काढून म्हातारे झाले होते, त्यांनी सोसलं असतं. पण मेधाताईंचा हा पहिलाच अंक. पुण्यात अक्षरजुळणी करणारे गल्लोगल्ली होते. पहिल्याच अंकाला घोटाळा झाला असता तर दुसरा कोणी दिला नसता. त्यांचा चेहराच ते सांगत होता.

आणि कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. म्हणजे दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पण पडद्यावर नेहमीच्या चित्राऐवजी एक निळा पडदा यायचा, त्यावर इंग्रजीत रकानेच्या रकाने. तिथून बाहेर पडलं की मशीन स्वतःच पुन्हा सुरू व्हायचं आणि पुन्हा तिथेच येऊन बसायचं.

“काल ओळखीतले एक जण येऊन गेले,” मेधाताई म्हणाल्या. “त्यांनी आतला सेल बदलला. तरी तेच. मग म्हणाले मदरबोर्ड गेलाय. मशीन दुकानात न्यायचं, नवा बोर्ड टाकायचा, हार्ड डिस्क फॉरमॅट करायची. चार दिवस लागतील.”

फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून पाटी कोरी करणं. अंकासकट.

“बॅकअप?” मी विचारलं.

“पहिल्या काही लेखांचा आहे. चित्रं टाकल्यावर फाइल फ्लॉपीत मावेना.”

“त्या काळजीने मी इथे बसलोय,” दामले म्हणाले. “बसून काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.”

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. तो मी विचारला. “शेवटचं नीट कधी चाललं?”

“दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला बंदच ठेवलं होतं. मी दिवसभर प्रुफं घेऊन सरांकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं तर हे.”

“मध्ये कोणी काही केलं? कोणी हात लावला?”

“छे,” हे उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. तिथे मेधाताईंच्या सासूबाई उभ्या होत्या. नऊवारी, हातात पोळपाट. “कोणी हात लावला नाही त्या खोक्याला. लावायचंय कोणाला?”

मेधाताई खाली वाकून हळूच म्हणाल्या, “आईंना ह्या मशीनचा जरा राग आहे. हे आलं तेव्हा त्यांचा दिवाण आतल्या खोलीत गेला. दिवसभर खटखट चालते म्हणतात. बायकांनी घरात बसून कारखाना काढलाय म्हणतात.”

मी मान हलवली. घरोघरी मी हेच ऐकत असे, फक्त दिवाणाऐवजी कुठे देवघर असायचं, कुठे सासऱ्यांची आरामखुर्ची. आणि “कोणी हात लावला नाही” हे तर प्रत्येक घरात. माझा त्यावर कधीच विश्वास बसत नसे. बिघडलेल्या मशीनला कोणाचा तरी हात लागलेला असतोच.

मी कॅबिनेट पुढे ओढलं. त्याच्यामागून आपट्याचं एक सुकलेलं पान खाली पडलं. दसऱ्यानंतर पुण्यात आपट्याची पानं कुठेही सापडतात. माझ्या स्वतःच्या पर्समध्येही होतं, ऑफिसात कोणीतरी सोनं म्हणून दिलेलं. मी ते उचलून टेबलावर ठेवलं आणि कामाला लागले.

निळ्या पडद्याला आम्ही सेटअप म्हणतो. ते कॉम्प्युटरचं माजघर. रोजची ये-जा बैठकीतून होते, माजघरात कोणी डोकावत नाही. तारीख-वेळ किती, डिस्क कुठली, मेमरी किती, असल्या घरगुती नोंदी तिथे असतात. मी आधी तारीख बघितली. बरोबर. वेळही बरोबर. म्हणजे सेल ठीक. मग डिस्क बघितली. तिचं नाव आणि आकार पडद्यावर व्यवस्थित दिसत होता.

“ताई, डिस्क जिवंत आहे,” मी सांगितलं. “अंक आत आहे.”

मेधाताई स्टूल ओढून पडद्यासमोर बसल्या.

“आत आहे हे मलाही माहीत होतं,” दामले म्हणाले. “बाहेर कसा येणार, हा प्रश्न आहे.”

मी फोन मागून घेतला आणि आमच्या सबनीस साहेबांना लावला. साहेब माणूस चांगला, पण फोनवर नेहमी रिक्षा सुटत असल्यासारखा बोलायचा.

“मदरबोर्ड आहे ना? मग उचलून आण. कात्रजचा कॉल पडलाय अजून.”

“सर, मदरबोर्ड वाटत नाही. डिस्क दिसते, मेमरी मोजून होते, वेळ बरोबर आहे.”

“मग काय वाटतंय?”

“अजून काही वाटत नाही.”

“वाटलं की कळव. आणि जेवायच्या आत कात्रजला पोच.” फोन बंद.

मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि या वेळी नुसती बघत बसले. काही बिघाड दुरुस्त करायच्या आधी थोडं बघत बसावं लागतं. घरचे लोक अशा वेळी अस्वस्थ होतात, त्यांना वाटतं बाईला काही सुचत नाहीये. खरंच सुचत नव्हतं.

मग एक गोष्ट डोक्यात आली. या मशीनला सेटअप आपण होऊन दाखवायचं काही कारण नव्हतं. सेल ठीक, नोंदी ठीक. मग माजघरात जायला एकच रस्ता उरतो. मशीन सुरू होताना कोणीतरी की-बोर्डवरची डिलीटची कळ दाबायची. दाबली की ते निमूट सेटअपमध्ये जातं. म्हणजे मशीन आजारी नव्हतं, सांगितलेलं ऐकत होतं.

पण सांगत कोण होतं? की-बोर्डपासून सगळे हातभर लांब होते.

मी मशीन बंद केलं, की-बोर्डची पिन मागून काढली आणि पुन्हा बटण दाबलं. निळा पडदा आला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

“काय म्हणतंय?” मेधाताईंनी विचारलं.

“म्हणतंय, की-बोर्ड सापडत नाही. पुढे जायचं असेल तर की-बोर्डवरची एफ-वन कळ दाबा.”

दामले खुर्चीत पुढे झुकले. “हे मशीन पुण्यातच तयार झालेलं दिसतंय,” ते म्हणाले. “दुकान बंद आहे, चौकशी आत करावी.”

मी जोरात हसले. त्या खोलीत सकाळपासून कोणी हसलं नसावं, कारण मेधाताईंनाही मग हसू फुटलं आणि थांबेना.

चोर सापडला होता, तो की-बोर्डमध्ये होता. तेव्हाचे की-बोर्ड जाड असत, उंच कळांचे, आणि आमच्या बॅगेत मावत नसत, त्यामुळे जवळ दुसरा नव्हता. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, की-बोर्ड उलटा धरला आणि पाठीवर थापट्या मारल्या. बिस्किटाचा चुरा पडला. एक टाचणी, एक लांब केस. झेंडूची एक पाकळी. आणि तीन-चार लाल तांदूळ.

मी की-बोर्ड सुलटा केला आणि एकेका कळेवरून बोट फिरवलं. सगळ्या दबून वर येत होत्या. डिलीट येत नव्हती. नुसत्या नजरेला कळलं नसतं, इतकीच खाली होती. बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून मी ती उचकटली. बाजूच्या फटीत एक तांदूळ आडवा बसला होता. ओलं कुंकू सुकून डिंकासारखं धरलं होतं.

मी तो चिमट्याने काढून वर्तमानपत्रावर ठेवला. माझं काम मिटलं होतं. मेधाताई त्या लाल दाण्याकडे बघत होत्या. मग टेबलावरच्या आपट्याच्या पानाकडे. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन तिथे उभ्या होत्या.

“अगबाई,” त्या म्हणाल्या.

“आई, ह्या अक्षता इथे कशा आल्या?”

“मी हात लावला नाही हो.” त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, सुनेकडे नाही. “त्यात वीज असते. लांबूनच वाहिल्या. हळद-कुंकूसुद्धा फुलानेच लावलं, फूल वर ठेवलं, सोनं ठेवलं. मेधा घरी यायच्या आत फडक्याने पुसूनसुद्धा घेतलं. अक्षता मात्र हातभर लांबून टाकल्या. थोड्या खाली गेल्या असतील.”

“तुम्ही पूजा केलीत?” मेधाताईंचा आवाज बदलला होता. “माझ्या मशीनची?”

“दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची करते मी. विळीची करते, शिवणाच्या मशीनची करते, ह्यांच्या पान्याची करते. ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी करते. मग तुझ्या हत्याराची तेवढी कशी नाही करायची?” मग तोंड एवढंसं करून म्हणाल्या, “आणि माझ्यामुळेच बंद पडलं होय ते?”

“तुमच्यामुळेच” हे खरं उत्तर होतं. पण त्या बाई कपाळाला आठ्या घालून वर्षभर ज्या खोक्याला नावं ठेवत होत्या, त्याला एकट्या घरात सून नसताना फूल वाहून बसल्या होत्या, आणि सांगितलंही नव्हतं.

“आजी, बंद पडलं नव्हतंच,” मी म्हणाले. “तुमच्या अक्षतेने एक कळ दाबून धरली होती. मशीन तेवढं ऐकत होतं. चांगल्या वळणाचं आहे.”

मी कळ बसवली, पिन लावली, बटण दाबलं. काळा पडदा, मेमरीची मोजणी, आणि मग नेहमीचं चित्र. मेधाताईंनी अंकाची फाइल उघडली. मुखपृष्ठ, संपादकीय, कथा. सगळं जागच्या जागी. दामले सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीतून उठले आणि पडद्याजवळ गेले. स्वतःच्या संपादकीयाची पहिली ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, “इथे अनुस्वार राहिलाय.”

यावरून ते खूश झाले आहेत, हे मला समजलं.

लेझर प्रिंटरमधून पानं बाहेर पडू लागली. प्रेसला ती ट्रेसिंग पेपरवर लागत. एकेक पान निघेल तसं मेधाताई दोन्ही हातांनी उचलून सपाट ठेवत होत्या. सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या, तरी हात पाठीमागे बांधलेलेच. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात “अक्षरजुळणी : मेधा नेने” असं होतं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं.

“एवढं बारीक का ग?” त्या सुनेला म्हणाल्या.

“आई, तसंच असतं.”

“थोडं मोठं कर. मशीन तुझं आहे ना?”

मेधाताईंनी दामल्यांकडे पाहिलं. दामल्यांनी छतावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मी काही हात लावलेला नाही.” अक्षर मोठं झालं.

मी निघताना वर्तमानपत्र गुंडाळू लागले तर सासूबाईंनी माझा हात धरला. “तो टाकू नका. वाहिलेला आहे.” तो चिकट लाल दाणा उचलून त्यांनी गॅलरीतल्या तुळशीत ठेवला. मग मला तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. कात्रजला मी उशिरा पोचले. सबनीस साहेबांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणाले, तांदूळ. त्यांनी फोन ठेवला.

अंक दिवाळीआधी निघाला. मेधाताईंनी एक प्रत ऑफिसात पाठवली, शेवटच्या पानावर खूण घालून. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे तीन अंक होते.

आणि पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी माझ्या घरचा फोन वाजला. सासूबाई होत्या. नंबर सुनेकडून घेतला होता, पण सून अंघोळीला गेल्यावर फोन लावला होता.

“तांबोळीबाई, पूजा मांडलीये. अक्षता कुठे वाहायच्या?”

“वर, कॅबिनेटवर. की-बोर्डवर रुमाल घाला आधी.”

“घातलाय. जरीचा घातलाय.” मग जरा थांबून, “आणि आता हात लावला तर चालेल ना?”

“चालेल आजी. बंद असताना काही होत नाही.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्या परत आल्या. “लावला,” म्हणाल्या. “गार आहे हो.”

नंतर बरीच वर्षं मी हे काम केलं. माणसं शिकवली. नव्यांना मी एकच सांगायची. “कोणी हात लावला नाही” असं घरचे लोक म्हणाले की ते खोटं बोलतायत असं धरून चालू नका. बहुतेकदा ते खरंच असतं. त्यांना पुढचा प्रश्न विचारा, की मग नमस्कार कोणी केला.