अकोला स्टँडवर झालेली माझी सुटका

आधीच सांगून ठेवतो, हा किस्सा माझ्या शहाणपणाचा नाही. शहाणपणाचे किस्से माझ्याकडे नाहीतच. पदव्या आहेत. तर्कशास्त्रात डॉक्टरेट आहे. प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, त्यातही पहिला आलो. आणि तरी माझ्या हातून असं काही झालं, की अजूनही अमरावती-अकोला गाडीचा कंडक्टर मला दाराजवळच्या सीटवर बसू देत नाही!

थांबा, नीट सांगतो. चहा निवू देऊ नका.

मी अमरावतीला राहतो. दर शनिवारी सकाळच्या बसनं अकोल्याला जातो. तिथं एका डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे, मनाच्या आजारांचा. अकोला म्हणजे क्लासचं गाव. डॉक्टर व्हायला आलेली पोरं काही महिन्यांत जेवेनाशी होतात, झोपेनाशी होतात. मग आईबाप त्यांना मॅडमकडे आणतात. औषधांचं मॅडम बघतात. बोलायचं काम माझ्याकडे. पोरांच्या मनात स्वतःबद्दल एक वाईट वाक्य काट्यासारखं रुतलेलं असतं. ते शोधायचं, उजेडात धरायचं आणि विचारायचं, बाबा रे, हे खरं कशावरून?

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

तर अशीच एक पोरगी आली. खरं नाव सांगणार नाही, आपण तिला वैष्णवी म्हणू. बाळापूरची. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पुन्हा क्लास लावलेली. तिचं वाक्य शोधावंच लागलं नाही. दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारत, सोडत ती म्हणाली, "सर, मी बिनकामाची आहे. मी असली काय अन् नसली काय, कोनाले फरक पडत नाही."

हे 'नसली काय' ऐकलं मात्र, उठून तडक मॅडमकडे गेलो. त्यांनी तिला तपासलं, औषध दिलं आणि आईला सांगितलं, पोरीला एकटी ठेवायची नाही. आई बाळापूरचं घर नवऱ्यावर सोडून अकोल्यात खोली करून राहिली. दुपार झाली तरी पोरगी अंथरुणातून उठायची नाही. पण शनिवारी माझ्याकडे यायची. मॅडम म्हणाल्या, "सर, बोलत राहा. बोलायला येते आहे, तेच मोठं आहे."

आता आमच्या कामात खुर्च्यांचा एक प्रकार असतो. पोरानं समजावणाऱ्या मित्राच्या खुर्चीत बसायचं आणि आपण त्याच्या वाईट वाक्याच्या खुर्चीत. आपण ते वाक्य बोलायचं, पोरानं आपल्याला समजवायचं. दुसऱ्याला समजावताना पोरं छान बोलतात हो! आपण दोन-तीन वाक्यं बोलून माघार घ्यायची, म्हणजे पोर जिंकतं.

माघार! ज्या माणसानं कॉलेजात वादविवादाच्या ढाली घरी आणल्या, त्याला माघार घ्यायला सांगता? पण मी हो म्हणालो. खुर्चीत बसलो.

"मी बिनकामाचा आहे," मी सुरुवात केली.

"काहून? तुमी घरी मदत करता."

"मदत गिरणीवाल्याचा पोरगाही करतो. त्यात काय मोठं?"

"आईचा जीव आहे तुमच्यावर."

"आयांचा सगळ्याच लेकरांवर असतो. हा पुरावा होत नाही."

इथं थांबायचं होतं. थांबलो का? छे! तिचं वाक्य केव्हाच संपलं होतं, पण माझा आवाज लागला होता.

"एवढं शिकून मी काय केलं? वर्गात बोलायचो तर पोरं खिडकीबाहेर बघायची. पोरगा परदेशातून फोन करतो, हवा कशी आहे विचारतो आणि ठेवतो. उद्या गेलो तर लोक शोकसभेत दोन मिनिटं उभे राहतील, तेही चहा कधी येतो ते बघत. मी असलो काय, नसलो काय!"

वैष्णवीनं दुपट्ट्याची गाठ घट्ट ओढली.

"बोल, आहे काही मुद्दा?"

"नाही सर."

"एकही नाही?"

"नाही सर. तुमचं बराबर आहे."

आणि मी, लाज वाटते सांगायला, टेबलावर थाप मारून म्हणालो, "झालं तर मग!"

तिनं पाण्याचा ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला आणि खाली मान घालून गेली. मी परतीच्या बसमध्ये बसलो. खरं सांगू? खुशीत होतो. आवाज काय लागला होता आज!

मूर्तिजापूरला बस थांबली. समोसा घेतला. पहिला घास घेतला आणि डोक्यात उजेड पडला. मी कोणाला हरवून आलो होतो? जी पोरगी आधीच स्वतःला बिनकामाची समजते, तिला मी साधार सिद्ध करून दिलं होतं, की बाई, तुझंच बरोबर आहे! आणि वर टेबलावर थाप मारली होती.

बसमधून उतरलो. वैष्णवीला फोन लावला, बिझी. तिच्या आईला लावला, बिझी. मॅडमला, बिझी. शेवटी घरी बायकोला लावला, तोही बिझी! पुन्हा वैष्णवीला लावला. पुन्हा बिझी. समोर आली ती अकोल्याची गाडी पकडली आणि गाडीत उभ्यानं फोन लावत राहिलो. डोक्यात काय काय येत होतं ते सांगत नाही. तुम्हीही डोक्यात आणू नका.

अकोला स्टँडवरून ऑटोनं थेट तिच्या खोलीवर. कुलूप! शेजारची बाई दारात गहू निवडत होती.

"त्या मायलेकी? रडत रडत पळाल्या बाप्पा! माय म्हने, काही वंगाळ होऊ नोको देवा."

"कुठं गेल्या?"

"स्टँडकडं. काहून, काय झालं?"

काय झालं ते मला माहीत होतं. मी केलं होतं. त्याच ऑटोत बसून, ज्या स्टँडवरून आलो त्याच स्टँडवर परत. आत शिरतो न शिरतो तोच लाउडस्पीकर खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. अमरावतीचे एक वयस्कर प्राध्यापक, डोळ्यांवर जाड चष्मा, खांद्यावर शबनम पिशवी, स्टँडवर असल्यास त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांची मनःस्थिती ठीक नाही. कोणाला दिसल्यास त्यांना एकटे सोडू नये."

मला वाटलं, अरेरे, कोण बिचारा! मग माझ्या खांद्यावरच्या शबनमकडे लक्ष गेलं. माझ्या आधी बाजूच्या माणसाचं गेलं होतं. त्यानं माझा दंड घट्ट पकडला.

"चाचा, आराम से. टेन्शन नही लेने का. सब ठीक हो जाता."

दुसऱ्यानं दुसरा दंड धरला. "काका, एसटीच्या समोर गिमोर जायचं नाही बरं!"

"अहो, मी तर एका पोरीला शोधायला आलोय!"

"हो हो, भेटते ना पोरगी. चला तुमी."

असा मी चौकशी खिडकीवर जमा झालो. तिथं वैष्णवी उभी, चेहरा उन्हानं लाल. बाजूला आई, कानाला फोन लावून. फोनवर कोण? माझी बायको!

"भेटले वहिनी, भेटले!" आई ओरडली. मग माझ्याकडे वळली. "काय हो गुरुजी? फोन लावू लावू पोरीचं बोट दुखलं! कोनासंगं बोलून राहिले होते एवढं?"

"तुमच्याशीच!" मी म्हणालो.

झालं होतं असं. पोरगी घरी गेली ती रडतच. "आई, सरांची हालत लय खराब आहे. ते म्हनतात, मी असलो काय, नसलो काय. मले उत्तरच नाही सुचलं, अन् मी त्याइले एकटं सोडून आली." मग तिनंच मॅडमला फोन केला. तिनंच माझ्या घरचा नंबर मिळवला. मी घरी पोचलो नाही म्हटल्यावर तिनंच आईला ओढत भर उन्हात स्टँडवर आणलं आणि खिडकीतल्या साहेबाशी भांडून लाउडस्पीकर लावायला लावला.

आता मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की अगं वेडे, तो सराव होता. मी माझं नव्हतो बोलत.

"अगं, ते..." मी तोंड उघडलं.

"सर, मी आली म्हनून भेटले ना तुमी?"

मी तिच्याकडे पाहिलं. दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहणाऱ्या त्या पोरीनं अर्धा स्टँड हलवला होता. पहिल्यांदाच ती माझ्याकडे मान वर करून बघत होती. आणि मी जर खरं सांगितलं, तर तिनं आज कोणालाच वाचवलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "तू आलीस म्हणून."

भोवती गर्दी जमलीच होती. कोणी तरी म्हणालं, "पोरीनं बुढा वाचवला बे!" शाबास शाबास झालं. मला रसाचा ग्लास मिळाला. कंडक्टरला बोलावून माझा ताबा दिला गेला. त्यानं मला मधल्या सीटवर बसवलं, दोन्ही बाजूंना एकेक दणकट माणूस. खिडकीखालून वैष्णवी ओरडली, "सर, पोचले की फोन करा! अन् उद्याही करा!" (तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल तर हात जोडतो, हा किस्सा तिला सांगू नका.)

वाटेत मॅडमचा फोन लागला.

"सर, नाटक होतं ना ते?"

"हो मॅडम."

"मग तिला सांगणार?"

"सांगायला पाहिजे ना? खोटं कसं बोलायचं? पण सांगितलं तर..."

"हं," मॅडम म्हणाल्या.

घरी आलो. बायको मेथी निवडत होती. मी हसत हसत सगळं सांगितलं, खुर्च्या, समोसा, लाउडस्पीकर. ती हसली नाही.

"नेमकं बोलले काय तुमी तिले?"

मी ती सगळी वाक्यं म्हणून दाखवली. वर्गातली पोरं, परदेशातला फोन, शोकसभेतला चहा. आवाज पुन्हा छान लागला.

"हे नाटक होतं?"

"म्हणजे काय! शंभर टक्के."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग घरी रोज तालीम काहून करून राहिले?"