रुग्णवाहिकेचं पेडल

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, जुन्या हुबळीत डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी तिथं काम सुरू केलं, तेव्हा माझ्या वाट्याला हॉर्न, दिवे आणि बॅटऱ्या आल्या. इंजिन अप्पांचं.

एका सकाळी धारवाडची रुग्णवाहिका आली. ड्रायव्हर रडकुंडीला आला होता.

"अण्णा, काल उणकलच्या पुढच्या चढावर, आत पेशंट, आणि गाडी उचलेचना. पाय पूर्ण दाबला तरी रांगत होती. बंद करून चालू केली की परत ठीक!"

पेशंट वेळेत पोचला होता, पण ह्याची झोप उडाली होती. ॲक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता.

"डिझेल पंप उतरवून बघूया," अप्पा म्हणाले.

मी पहिल्यांदाच मध्ये पडले. "अप्पा, आधी मला तासभर द्या."

ह्या गाड्यांत पेडलला केबल नसते. पाय किती दाबला, ते सेन्सर दोन वेगळ्या वायरींनी इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. दोन्हींचा मेळ बसला नाही, की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापतो. मी दोन्हींना मीटर लावले आणि हातानं पेडल भर्रकन दाबून बघितलं. सगळं बरोबर! पुन्हा तपासलं, तरी बरोबर. तास संपत आला.

माझा चेहरा अप्पांनी बघितला असावा. ते ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

"हातानं दाबून नाही कळायचं. चढावर पाय असा जातो बघ."

त्यांनी पेडल सावकाश खाली नेलं. अर्ध्यावर येताच एका मीटरचा आकडा शून्यावर पडला.

"अप्पा, पाय तिथंच!"

टॉर्च घेऊन मी डॅशबोर्डखाली शिरले. पत्र्याच्या धारेवर घासून एक वायर सोलली होती, आणि पेडल अर्ध्यावर आलं की उघडी तार पत्र्याला टेकत होती. सेन्सर बिचारा निर्दोष. वायर तोडून नवी जोडली, वर नळी चढवली, धारेपासून लांब बांधली.

त्याच चढावर तिघं गेलो. गाडी सरसर वर चढली. ड्रायव्हरनं अप्पांना विचारलं, "अण्णा, नक्की काय झालं होतं?"

"नन्न मगळन्न केळ्री," अप्पा म्हणाले. माझ्या मुलीला विचारा.

त्यानं मागं वळून विचारलं, "काय होतं, अक्का?"

मी सांगू लागले. अप्पा समोर रस्त्याकडं बघत होते, पण ऐकत होते शब्दन् शब्द.