नस्तेहोचा अर्थ

नारायण पेठेत आम्ही भाड्याने राहत होतो. घराचे मालक संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. जगातला कुठलाही शब्द ते दोन वाक्यांत संस्कृतात नेऊन पोचवत. शब्दाला हरकत घेता येत नसल्याने वाद होत नसे.

त्यांच्या माडीवरच्या खोलीत कॉलेजात शिकणारी एक सोमाली मुलगी राहायला आली. नाव नस्तेहो. प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

"नास्ति. म्हणजे, जी नाही ती."

असलं अशुभ नाव तिन्हीसांजेला घरात घ्यायचं नाही म्हणून त्यांनी तिची स्वस्ति केली. सुनांची नावं बदलणाऱ्या घराला भाडेकरणीचं बदलायला कितीसा वेळ लागतो? काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, कानावर खरं नाव कधी पडलंच नाही.

मी तिला जिन्यात अर्थ विचारला. मनापासून दुसऱ्याचं भलं चिंतणं, ती म्हणाली, आईने ठेवलेलं. मूळ अरबी असावं, आपल्या नसीहतीच्या नात्यातलं. सल्ल्याच्या बाबतीत आमची पेठ स्वयंपूर्ण होती, म्हणून मला हसू आलं.

त्या उन्हाळ्यात तिच्या शहरावर बॉम्ब पडू लागले. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येत. आई कुठे आहे, कळेना. आईजवळ या घराचा फोन नंबर तेवढा होता. कॉलेज सुटलं की मुलगी धावत येई आणि फोनशेजारच्या स्टुलावर बसून राही. फोन येत ते प्राध्यापकांच्या सत्काराचे.

एका संध्याकाळी मी खाली बसलो होतो. काकू गवार मोडता मोडता सांगू लागल्या.

"दुपारी कुणा बाईचा फोन होता, फार लांबून. एकच धोशा, नसते हो? नसते हो? कोण नसते, ते काही सांगेना. मी आपलं म्हटलं, नसते, नसते. तर रडायलाच लागली. आणि मागे फटाके केवढे. मग कटला."

"राँग नंबर," प्राध्यापक पेपरामागून म्हणाले. थोड्या वेळाने पेपर सावकाश खाली आला.

मुलगी दारात उभी होती. चपलाही काढल्या नव्हत्या.

"काकू, परत बोला," ती म्हणाली. "त्या बोलल्या तसंच."

काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग हातातली शेंग खाली ठेवून, आवाज बारीक आणि लांबचा करून त्या म्हणाल्या,

"नसते हो?"

त्या घरात तिला तिच्या नावाने मारलेली ती पहिली हाक. मुलीने आपल्या भाषेत ओ दिली.